श्वास, शर्करा आणि अनुमान : मधुमेही मुलांसाठी श्वासपरीक्षण कितपत भरवशाचे?

इन्सुलिनवर असलेल्या मधुमेही मुलाचे आईवडील चिकित्सालयात आले, की औषधांविषयी बोलणे होण्यापूर्वीच एक प्रश्न हमखास येतो : "वैद्यसाहेब, बोटाला सुई न टोचता साखर कळण्याचा काही उपाय आहे का?" हा प्रश्न आळसातून आलेला नसतो. त्वचेखाली बसवावयाचा संवेदक ज्यांना परवडत नाही, अशा मुलांनी दिवसातून सहा ते दहा वेळा रक्तशर्करा तपासावी, असे बालमधुमेहाविषयीच्या 'इस्पाड' या आंतरराष्ट्रीय संघटनेचे मार्गदर्शन आहे. दिवसाला सहा वेळा म्हटले तरी वर्षाला दोन हजारांवर टोचण्या होतात. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतातील १९ वर्षांपर्यंतच्या प्रकार-१ मधुमेहींची संख्या सुमारे २ लाख २९ हजार, म्हणजे जगात सर्वाधिक दिली आहे. इतक्या घरांतून हा प्रश्न विचारला जात असता "नुसत्या फुंकरीने साखर सांगणारे यंत्र" अशी बातमी आली, की ती कात्रणाच्या वा मोबाइलवरील संदेशाच्या रूपाने आपल्यापर्यंत पोहोचते आणि आपले मत विचारले जाते.

प्रस्तुत लेखात या विषयाचा आम्ही तीन अंगांनी विचार करणार आहोत. श्वासातून नेमके काय कळते, त्यावरून रक्तातील शर्करा सांगता येते काय, आणि वैद्याने व औषधविक्रेत्याने आपल्या दैनंदिन व्यवहारात यातून काय घ्यावे.

गंधपरीक्षणाची आपली परंपरा

रुग्णाच्या गंधाकडे लक्ष देणे हे आपणांस नवे नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायात प्रत्यक्ष परीक्षेचा विचार करताना रुग्णशरीरातील प्राकृत व वैकृत गंध घ्राणेंद्रियाने तपासावेत असे स्पष्ट सांगितले आहे. मात्र त्याच ठिकाणी रसाचा अपवाद केला आहे. रुग्णाच्या शरीरातील रस वैद्याने चाखून पाहावयाचा नाही, तो अनुमानाने जाणावयाचा आहे. शरीरावर माशा बसू लागल्या तर माधुर्य वाढले असे समजावयाचे. गंध प्रत्यक्षाचा विषय आणि माधुर्य अनुमानाचा विषय, हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. लेखाच्या उत्तरार्धात त्याचाच उपयोग करावयाचा आहे.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात प्रमेहाची पूर्वरूपे सांगताना श्वासाच्या दुर्गंधीचा उल्लेख केला आहे. चरकाने पूर्वरूपांत शरीराला येणारा आमगंधी वास व मूत्राकडे धावणाऱ्या मुंग्या नोंदविल्या आहेत. अष्टांगहृदयात वातिक प्रमेहाच्या उपद्रवांमध्ये शोष व कास यांबरोबर श्वासही सांगितला आहे. सहज प्रमेही कृश असतो, त्याला तृष्णा अधिक असते, हे सुश्रुताचे वर्णनही आपल्या परिचयाचे आहे.

तथापि या संदर्भांवरून "आमच्या ग्रंथांत हे सर्व होतेच" असा निष्कर्ष काढणे आम्हांस योग्य वाटत नाही. ग्रंथांतील दुर्गंध म्हणजे आजचा ॲसिटोन असे सिद्ध करता येत नाही. प्रकार-१ मधुमेहात शरीराचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते, त्यामुळे तो आजार सहज प्रमेहाशी सर्वांशाने एकरूप मानणेही धाडसाचे होईल. आपल्या आचार्यांनी श्वासाचा गंध हा परीक्षेचा विषय मानला होता, एवढेच येथे निश्चितपणे म्हणता येते, आणि आमच्या प्रतिपादनाला तेवढे पुरेसे आहे.

पाश्चात्य वैद्यकातील इतिहास

ब्रिटिश सैन्यातील शल्यचिकित्सक जॉन रोलो यांनी १७९७ साली मधुमेहावर पुस्तक लिहिले. त्यात रुग्णाच्या श्वासाला नासक्या सफरचंदासारखा वास येत असल्याची नोंद आहे. तो वास कशाचा हे त्यांना ठाऊक नव्हते. १८५७ साली विल्हेल्म पेटर्स यांना मधुमेही रुग्णाच्या मूत्रात ॲसिटोन आढळले. १८७४ साली जर्मन वैद्यक-प्राध्यापक आडोल्फ कुसमाउल यांनी मधुमेहातील मूर्च्छेपूर्वी दिसणाऱ्या खोल, कष्टमय श्वसनाचे वर्णन केले. आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १९७१ साली, लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्छ्वासातील हवा गोठवून गॅस क्रोमॅटोग्राफी या पद्धतीने तपासली, तेव्हा तीत सुमारे २५० निरनिराळी द्रव्ये असल्याचे दिसून आले. नत्र, प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड व बाष्प यांपलीकडे श्वासात शरीराच्या अंतर्व्यापाराची खूण असते, हे त्यातून प्रयोगाने सिद्ध झाले. आधुनिक श्वासपरीक्षणाची सुरुवात तेथून मानतात.

श्वासात शर्करा असते काय?

या प्रश्नाचे सरळ उत्तर 'नाही' असे आहे. ग्लुकोज हे उडून जाणारे द्रव्य नाही. पाण्यात साखर विरघळवून ते पाणी आटविले तर पाणी उडते व साखर तळाशी राहते, हे स्वयंपाकघरात कोणीही पाहिलेले असते. फुप्फुसातील वायुकोशांतही हेच घडते. रक्तातील उडनशील द्रव्ये पातळ पडद्यातून हवेत येतात, ग्लुकोज रक्तातच राहते. श्वासाबरोबर बाहेर पडणाऱ्या अतिसूक्ष्म जलकणांत ग्लुकोजचा लवलेश सापडतो, परंतु तो इतका विरळ असतो की त्याचे नेमके मापन करणे फार कठीण आहे.

म्हणून श्वासावरून साखर सांगू पाहणारे बहुतेक प्रयत्न साखर मोजत नाहीत. ते साखरेबरोबर कमीअधिक होणारे दुसरे एखादे द्रव्य मोजतात व त्यावरून साखरेचा अंदाज बांधतात. त्यांत सर्वांत परिचित द्रव्य ॲसिटोन होय.

ॲसिटोन श्वासात कसे येते हे थोडक्यात पाहू. इन्सुलिनच्या अभावी पेशींना रक्तातील ग्लुकोज वापरता येत नाही. रक्तात साखर विपुल असूनही पेशी उपाशी राहतात. इन्सुलिनचा आवर सुटल्यामुळे मेदाचे विघटन वेगाने होऊ लागते. मेदाम्ले यकृतात येतात व तेथे त्यांपासून ॲसिटोॲसिटेट आणि बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट ही कीटोन द्रव्ये तयार होतात. ॲसिटोॲसिटेटचा काही अंश आपोआप विघटित होऊन ॲसिटोन बनतो. ॲसिटोन अत्यंत उडनशील असल्यामुळे फुप्फुसावाटे बाहेर पडतो व श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा गोडसर वास येतो. पहिली दोन द्रव्ये आम्लधर्मी आहेत. ती साचत गेली, की रक्ताची आम्लता वाढते आणि ती कमी करण्यासाठी शरीर खोल व जलद श्वसनाने कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकू लागते. कुसमाउल यांनी वर्णिलेला श्वास तो हाच. या अवस्थेस कीटोॲसिडोसिस म्हणतात, आणि वेळीच उपचार न झाल्यास ती प्राणघातक ठरते.

निरोगी माणसाच्या श्वासात ॲसिटोनचे प्रमाण साधारणतः दहा लाख भागांत एक भागाच्या आसपास असते. दीर्घ उपवासाने वा अत्यल्प पिष्टमय आहाराने ते कित्येक पटींनी वाढते. कीटोॲसिडोसिसमध्ये ते शेकडो भागांपर्यंत जाऊ शकते.

मुलांवर झालेले अभ्यास

या विषयावर लिहिले गेले आहे पुष्कळ, परंतु प्रत्यक्ष मधुमेही मुलांवर झालेले अभ्यास थोडे आहेत. त्यांपैकी दोन मुद्दाम सांगावेसे वाटतात.

पहिला अभ्यास अमेरिकेतील अर्व्हाइन येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातला असून तो २००७ साली प्रसिद्ध झाला. या विद्यापीठात वातावरणातील अतिविरळ वायू मोजणारी प्रयोगशाळा आहे. ओझोनच्या थरावरील संशोधनासाठी १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळालेले शेरवूड रोलंड तेथलेच. आकाशातील प्रदूषण मोजणाऱ्या त्याच यंत्रांनी प्रकार-१ मधुमेहाच्या १० मुलांचा श्वास तपासला गेला. रक्तशर्करा वाढलेली असताना मिथाइल नायट्रेट नावाचे द्रव्य श्वासात वाढते व शर्करा उतरू लागली की तेही उतरते, असे आढळले. निष्कर्ष लक्षणीय होता, परंतु हे द्रव्य एक लाख कोटी भागांत मोजक्या भागांच्या प्रमाणात असते. ते मोजणारे यंत्र प्रयोगशाळेची खोली व्यापते. मुलाच्या दप्तरात बसेल असे साधन त्यातून आजवर निघालेले नाही.

दुसरा अभ्यास इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथील असून तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या तपासणीसाठी रुग्णालयात आलेल्या, साधारण ८ ते १८ वर्षे वयाच्या ११३ मुलामुलींचा श्वास पिशव्यांत घेतला गेला आणि त्याच वेळी बोटातील रक्तावरून ग्लुकोज व कीटोन मोजले गेले. श्वासातील ॲसिटोन आणि रक्तातील कीटोन यांत निश्चित संबंध आढळला (सहसंबंध गुणांक ०.३६). ॲसिटोन व रक्तशर्करा यांतील संबंध मात्र अतिशय क्षीण होता (०.१६), आणि तो योगायोगाचाही असू शकेल इतपतच होता. एका श्वासातील ॲसिटोनवरून रक्तशर्करा सांगता येणार नाही, परंतु कीटोन मोजण्यासाठी श्वासपरीक्षणाचा उपयोग पुढे होऊ शकेल, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. ही सर्व मुले चांगल्या नियंत्रणात होती व त्यांच्या रक्तातील कीटोनचे प्रमाण अल्पच होते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

शर्करा कमी होण्याच्या बाबतीतही काही काम झाले आहे. केंब्रिज येथे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रकार-१ मधुमेहाच्या आठ स्त्रियांची रक्तशर्करा देखरेखीखाली हळूहळू उतरविण्यात आली, तेव्हा श्वासातील आयसोप्रीन हे द्रव्य वाढल्याचे दिसले. काहींत ते जवळजवळ दुप्पट झाले. प्रशिक्षित कुत्री मालकाची साखर उतरल्याचा इशारा देतात, त्यामागे हेच द्रव्य असावे असा संशोधकांचा तर्क आहे. ब्रिस्टल विद्यापीठाच्या २०१९ मधील अभ्यासात अशा २७ कुत्र्यांच्या चार हजारांहून अधिक प्रसंगांच्या नोंदी तपासल्या गेल्या. साखर उतरण्याच्या प्रसंगी त्यांच्या अचूकतेचे मध्यमान ८३ टक्के होते. तरीही कुत्र्याने इशारा दिल्यावर मालक प्रथम रक्ताची तपासणी करतो व मगच साखर घेतो. हा क्रम आपणही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

व्याप्ती आणि व्यभिचार

आता आपल्या शास्त्राच्या परिभाषेत या सर्वांचा विचार करू. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते, कारण जेथे धूर तेथे अग्नी ही व्याप्ती आहे. हेतू व साध्य यांचे हे नित्य साहचर्य सुटले तर अनुमान व्यभिचारी ठरते. श्वासयंत्राच्या बाबतीत ॲसिटोन हा हेतू आणि वाढलेली रक्तशर्करा हे साध्य होय. प्रश्न असा की, या दोहोंत व्याप्ती आहे काय?

व्यवहारात तिला तडा देणारी उदाहरणे सहज मिळतात.

(१) ॲसिटोन आहे, पण शर्करा वाढलेली नाही. एकादशीचा निर्जळी उपवास करणाऱ्या निरोगी माणसाच्या श्वासात ॲसिटोन वाढते. उलट्यांमुळे दिवसभर काही न खाल्लेल्या लहान मुलाच्या श्वासातही ते वाढते. वजन घटविण्यासाठी पिष्टमय पदार्थ वर्ज्य करणाऱ्यांत तर ते नित्य असते. प्रौढ मधुमेहींना दिल्या जाणाऱ्या ग्लिफ्लोझिन वर्गातील औषधांनी क्वचित रक्तशर्करा फारशी न वाढताही कीटोॲसिडोसिस होतो.

(२) शर्करा वाढलेली आहे, पण ॲसिटोन नाही. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाने लग्नाच्या पंगतीत जिलेबी खाल्ली तर तासाभरात त्याची शर्करा ३०० च्या घरात जाऊ शकते. परंतु शरीरात इन्सुलिन असल्यामुळे कीटोन तयार होत नाहीत व श्वास निर्गंध राहतो.

(३) आयसोप्रीन वाढले आहे, पण शर्करा उतरलेली नाही. व्यायामाला सुरुवात करताच निरोगी माणसाच्या श्वासातही आयसोप्रीन एकदम वाढते. खेळाच्या मैदानावरील मुलाच्या बाबतीत हा हेतू कितपत उपयोगी पडेल, हे उघड आहे.

तात्पर्य, ॲसिटोन व कीटोन यांचा संबंध कार्यकारणाचा आहे, कारण ॲसिटोन कीटोनपासूनच निर्माण होतो. ॲसिटोन व शर्करा यांचा संबंध मात्र दूरचा आहे. दोन्ही इन्सुलिनच्या अभावाची फळे असली, तरी ती एकाच वेळी व एकाच प्रमाणात येतात असे नाही. चरकाने माधुर्य हा अनुमानाचा विषय मानला, तो भेद येथेही लागू पडतो. श्वासयंत्राच्या पडद्यावर दिसणारा शर्करेचा आकडा प्रत्यक्षाचा नसून अनुमानाचा असतो. त्या आकड्यावर इन्सुलिनची मात्रा ठरविली आणि शर्करा वस्तुतः कमीच असली, तर मूल बेशुद्ध होईल. चुकीचा परिणाम इतक्या थेट जिवावर बेतणारा असताना व्यभिचारी हेतूवर विसंबता येत नाही.

यंत्रांपुढील अडचणी

श्वासातील द्रव्ये मोजण्याच्या मुख्य पद्धती तीन आहेत. प्रयोगशाळेतील गॅस क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्री ही सर्वांत अचूक, परंतु महागडी व अवजड. दुसरी पद्धत लेसर किरणांच्या शोषणावर आधारलेली आहे. तिसरी पद्धत धातूंच्या ऑक्साइडच्या पातळ थराची. अशा तापविलेल्या थरावर वायू आला की त्याचा विद्युत्-रोध बदलतो. झुरिच येथील संशोधकांनी २०१० साली सिलिकॉन मिसळलेल्या टंगस्टन ऑक्साइडचा असा संवेदक तयार केला. दमट हवेतही शंभर कोटी भागांत वीस भाग इतके विरळ ॲसिटोन तो ओळखू शकला. अमेरिकेतील वेस्टर्न न्यू इंग्लंड विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली ॲसिटोनशी संयोग पावणाऱ्या बहुवारिकाच्या थरांवर आधारलेले हातात मावणारे उपकरण मांडले. आता अनेक संवेदक एकत्र करून संगणकाकरवी गंधाचा नमुना ओळखण्याचेही प्रयत्न चालू आहेत.

संवेदक चांगला असला तरी नित्य वापरात पुढील अडचणी उरतातच. उच्छ्वासाचा पहिला भाग तोंड व श्वासनलिकेतील हवेचा असतो, फुप्फुसाच्या खोल भागातील हवा शेवटी येते. लहान मूल अर्धवट फुंकते तेव्हा यंत्राला चुकीचा भाग मिळतो. खोलीतील हवाही मापनात मिसळते. नखांचा रंग काढण्याच्या द्रवात बहुधा ॲसिटोनच असते, तेव्हा घरात कोणी तो वापरत असल्यास आकडा बदलू शकतो.

आपल्या वाचकांसाठी विशेष महत्त्वाची अडचण मद्यार्काची आहे. धातू-ऑक्साइडचे साधे संवेदक ॲसिटोनप्रमाणे मद्यार्काच्या वाफेलाही प्रतिसाद देतात. आपले आसव व अरिष्ट स्वयंजात मद्यार्कयुक्त असतात. कुमारी आसव वा अरविंदासव घेतल्यानंतर लगेच अशा यंत्रात फुंकल्यास यंत्राने मोजलेले द्रव्य रोगाचे नसून औषधाचे असण्याची शक्यता राहते. मुख दुर्गंधीनाशक द्रवांच्या गुळण्यांचेही तेच. जे वैद्य श्वासयंत्राविषयी कुतूहल बाळगून आहेत, त्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी.

आता बोटातील रक्त तपासणाऱ्या साध्या ग्लुकोमीटरशी तुलना करू. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार शर्करा १०० मि.ग्रॅ. वा त्याहून अधिक असताना ९५ टक्के मापने प्रयोगशाळेतील मूल्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असावी लागतात, तर १०० हून कमी असताना १५ मि.ग्रॅ. च्या मर्यादेत. बोटाच्या तपासणीची जागा घेऊन या कसोटीला उतरेल व इन्सुलिनची मात्रा ठरविण्यास मान्यता पावेल, असे श्वासयंत्र मधुमेही मुलांच्या नित्य वापरात अद्याप आलेले नाही.

बाजारातील दावे

विनासुईच्या साधनांचा इतिहास निराशेचाही आहे. त्वचेतून द्रव ओढून शर्करा सांगणारे 'ग्लुकोवॉच' हे मनगटी साधन अमेरिकेत २००१ साली प्रौढांसाठी व २००२ साली ७ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी मान्य झाले होते. त्वचेची आग होणे व आकडे बेभरवशाचे असणे यांमुळे ते टिकले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्वचा न भेदता रक्तशर्करा मोजण्याचा दावा करणारी घड्याळे व अंगठ्या वापरू नयेत, असा जाहीर इशारा दिला. असे कोणतेही साधन आपण मान्य केलेले नाही, असे प्रशासनाने त्यात स्पष्ट म्हटले.

वजन घटविणाऱ्यांसाठी विकली जाणारी श्वास-कीटोन यंत्रेही बाजारात मिळतात. ती मधुमेही मुलांच्या उपचारासाठी नाहीत. औषधविक्रेत्यांनी हा भेद ग्राहकास स्पष्ट करून सांगणे हे त्यांच्या व्यवसायाचे कर्तव्यच आहे.

वैद्यांनी काय करावे?

श्वासयंत्र येईल तेव्हा येवो. श्वास ओळखणारा वैद्य आजच उपलब्ध आहे. मुलाच्या श्वासाचा गंध साखरेचा आकडा सांगत नसला तरी इन्सुलिन संपल्याचा इशारा देतो, आणि तो इशारा वेळीच ओळखला गेला तर प्राण वाचतात. म्हणून पुढील गोष्टी आम्ही आग्रहाने मांडतो.

(१) तृष्णा, वारंवार मूत्रप्रवृत्ती, थोड्या आठवड्यांत घटलेले वजन, पूर्वी कोरडे झोपणाऱ्या मुलाचे पुन्हा अंथरूण ओले करणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच बैठकीत ग्लुकोमीटरने रक्तशर्करा पाहावी. "उद्या उपाशीपोटी तपासून या" असे सांगून मुलाला परत पाठवू नये.

(२) उलट्या, उदरशूल, ग्लानी व खोल जलद श्वसन अशा स्थितीत मूल आले तर श्वासाचा गंध घ्यावा. छातीत घरघर नाही, परंतु श्वास खोल व वेगवान आहे, अशा वेळी तमक श्वास समजून कनकासव देण्याची चूक होऊ शकते. उदरशूलामुळे अजीर्णाची चिकित्सा होण्याचाही संभव असतो. दोन्ही प्रसंगी एक थेंब रक्त निर्णय देते.

(३) गंध न आल्याने धोका नाही असे मानू नये. प्रत्येकाच्या नाकाला ॲसिटोन सारखे कळत नाही. गंध आल्यास तो निर्णायक इशारा समजावा, न आल्यास तपासणी तशीच करावी.

(४) शर्करा २०० हून अधिक आणि रक्तातील कीटोन ३ मिलिमोल वा त्याहून अधिक, अथवा मूत्रात कीटोन स्पष्ट आढळल्यास मुलाला विनाविलंब अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात पाठवावे. येथे काढा, भस्म वा रसकल्प देऊन वाट पाहण्यास अवकाश नाही. सोबत चिठ्ठीत वेळ, शर्करा, श्वसनाची गती व दिलेली औषधे लिहावीत.

(५) इन्सुलिन कोणत्याही कारणाने बंद करू नये. हे वाक्य आम्ही विचारपूर्वक लिहीत आहोत. प्रकार-१ च्या मुलाचे इन्सुलिन थांबले तर एक-दोन दिवसांतच कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. मूल आजारी आहे, जेवत नाही, म्हणून इन्सुलिन देऊ नये हा समज पालकांत फार आढळतो. तो दूर करावा. मात्रा किती ठेवावयाची हे त्याच्या मधुमेहतज्ज्ञास विचारावे. निशा-आमलकी, कारले, गुडमार इत्यादी द्यावयाचे झाल्यास ते इन्सुलिनच्या जागी नव्हे, आणि शर्करा एकाएकी उतरण्याची शक्यता धरून अधिक तपासण्यांसह द्यावे.

(६) श्वासाविषयी बोलताना उपवासाचाही विचार करावा. प्रकार-१ च्या किशोरवयीन मुलीने नवरात्रातील उपवास आरंभिला असेल, तर कीटोन व शर्करा दोन्हींचे मापन आवश्यक ठरते.

औषधविक्रेत्यांसाठी

औषधदुकानात मधुमेही मुलाचे पालक वैद्यापेक्षाही अधिक वेळा येतात. मूत्रातील कीटोन तपासण्याच्या पट्ट्या स्वस्त आहेत. त्या दुकानात असाव्यात व त्यांची उपयुक्तता सांगता यावी. या पट्ट्या ॲसिटोॲसिटेट ओळखतात, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट ओळखत नाहीत, आणि काही तासांपूर्वीची स्थिती दाखवितात. म्हणून शक्य तेथे रक्तातील कीटोन मोजणाऱ्या पट्ट्या अधिक चांगल्या. पट्ट्यांची डबी दमट हवेत उघडी राहिली तर त्या निरुपयोगी होतात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, याची आठवण प्रत्येक ग्राहकाला द्यावी.

विनासुईचे कोणतेही साधन विक्रीस ठेवण्यापूर्वी २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार त्यास परवाना आहे काय, आणि वेष्टनावर लिहिलेला उपयोग नेमका कोणता आहे, हे पाहावे. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याने बंदी आहे, हे आपण जाणतोच. "या यंत्राने साखर पाहा आणि या चूर्णाने इन्सुलिन सोडा" अशी जोड देणारा विक्रेता दुकानात आला तर त्यास नम्रपणे पण ठामपणे परत पाठवावे.

शेवटी

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो येथे लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. पहिल्या अर्काचा फारसा उपयोग झाला नाही. २३ जानेवारीपासून अधिक शुद्ध अर्क दिल्यावर त्याची शर्करा उतरली आणि मूत्रातील कीटोन नाहीसे झाले. मरणाच्या दारात असलेला तो मुलगा आणखी तेरा वर्षे जगला. त्याच्या आधीच्या काळात अशा मुलाच्या श्वासाला येणारा गोड वास ओळखूनही वैद्याला काही करता येत नसे. आज करता येते.

श्वासपरीक्षणाचे शास्त्र प्रगत होत आहे व त्याचे आपण स्वागतच केले पाहिजे. पुढेमागे कीटोनची सूचना देणारे लहानसे यंत्र मुलांच्या हाती आले, तर कीटोॲसिडोसिसने रुग्णालयात जाण्याचे कित्येक प्रसंग टळू शकतील. तोवर विचारणाऱ्या पालकांना आमचे उत्तर असे राहील : श्वासावरून साखर कळत नाही, त्यामुळे बोटाची तपासणी सोडू नका, परंतु मुलाच्या श्वासाला फळासारखा वास आला तर सकाळ होण्याची वाट न पाहता निघा. आमच्या वैद्यबंधू-भगिनींनी व औषधविक्रेत्यांनी हे उत्तर आपापल्या गावात प्रत्येक मधुमेही मुलाच्या घरी पोहोचवावे, ही विनंती.